खाऱ्या हवेतला क्लिक-थ्री: जुना रोल-कॅमेरा वापरायचा आणि जपायचा कसा

कोकणातल्या कितीतरी घरांत माळ्यावर किंवा लाकडी कपाटाच्या तळाशी चामड्याच्या केसमध्ये एक कॅमेरा पडून असतो. बहुतेकदा तो आग्फाचा क्लिक-थ्री निघतो. बडोद्याला बनलेला, वजनाला हलका, १२० चा रोल (कागदाची पाठ असलेली रुंद फिल्म) घेणारा आणि एका रोलवर ६ × ६ सेंटीमीटरचे बारा फोटो देणारा. कधी आयसोली सापडतो, त्यात त्याच रोलवर ४ × ४ चे सोळा फोटो बसतात. कधी कोडॅकचा एखादा ब्राउनी. या कॅमेऱ्यांत बिघडण्यासारखं फार थोडं असतं: एक भिंग, एक स्प्रिंग, शटरची पातळ पत्र्याची पाती आणि रोल पुढे ओढणारी कळ. रोज वापरला तर असा कॅमेरा वर्षानुवर्षं चालतो. त्याला खातं ते बंद केसमध्ये साचलेली ओल आणि मीठ.

माळ्यावरून खाली आणल्यावर

आधी आत रोल आहे का ते बघा. मागच्या लाल खिडकीत आकडा किंवा कागद दिसत असेल तर कॅमेरा उघडू नका. कळ फिरवत राहा, कागद पूर्ण गुंडाळला गेला की कळ एकदम हलकी होते. मगच सावलीत उघडा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या काळ्या-पांढऱ्या रोलवरही कधी कधी ओळखू येण्याइतकं चित्र शिल्लक असतं. असा रोल चिकटपट्टीने बांधून ठेवा आणि जुन्या फिल्मची सवय असलेल्या लॅबकडेच द्या.

रिकामं स्पूल (फिल्म गुंडाळायची रीळ) आतच असेल तर ते जपून ठेवा, त्याच्याशिवाय नवा रोल भरता येत नाही. स्पूलवर किंवा कॅमेऱ्याच्या आत १२० लिहिलंय की ६२० तेही पाहा. दोन्हींतली फिल्म सारखीच, पण ६२० चं स्पूल बारीक असतं आणि कोडॅकने ते १९९५ मध्ये बंद केलं. ६२० च्या ब्राउनीत आजचा १२० चा रोल जबरदस्तीने कोंबला तर कळ अडते आणि कागद फाटतो. अशा कॅमेऱ्यासाठी मिट्ट काळोखात १२० ची फिल्म जुन्या ६२० च्या स्पूलवर गुंडाळून घ्यावी लागते. नवशिक्याने सुरुवात १२० च्याच कॅमेऱ्याने करावी.

मग शटर. कॅमेरा उघडा ठेवून आभाळाकडे धरा, मागून बघा आणि खटका दाबा. उजेडाचा एक स्वच्छ ठिपका चमकून गेला पाहिजे. पाती अर्ध्यावर अडकत असेल, किंवा पहिला खटका आळसावलेला आणि पाचवा चपळ असेल, तर आत तेल किंवा ओल सुकून चिकट झाली आहे. नेमका वेग मोजायला मोबाइल पुरतो. स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर लावा, कॅमेऱ्याच्या पुढे उजेड आणि मागे मोबाइल ठेवा, खटका दाबा आणि भिंग किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा. पाच फ्रेम म्हणजे साधारण १/५० सेकंद, आठ फ्रेम म्हणजे १/३०. चोवीस फ्रेम आल्या तर तो १/१० झाला, आणि अशा वेगाला हातात धरून काढलेला प्रत्येक फोटो हलणार. मोजलेला आकडा कागदावर लिहून केसमध्ये ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच आहे.

आळसावलेल्या शटरला तेल घालायचा मोह होतो. खोबरेल, शिवणयंत्राचं, दारं-कुलपांवर मारायचा फवारा, यातलं काहीही नको. पाती पूर्ण कोरडीच चालायला हवी. तेल पसरून भिंगावर जातं, आणि खोबरेल तर काही दिवसांत चिकट होतं. त्याऐवजी आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब कानकाडीच्या टोकावर घ्या, फक्त पत्र्याच्या भागाला लावा, तीस-चाळीस वेळा खटका दाबा आणि वाळू द्या. गरज पडल्यास पुन्हा करा. प्लास्टिकला आणि भिंगाला मात्र अल्कोहोल लागता कामा नये.

उजेड कुठून आत शिरतो ते रात्री तपासा. खोली काळोखी करा, छोटा टॉर्च कॅमेऱ्यात ठेवून झाकण लावा आणि कडा, कोपरे, बिजागरी, लाल खिडकी सगळीकडून बघा. केसाएवढी फट असली तरी आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात निगेटिव्हवर काळा पट्टा उमटतो आणि प्रिंटवर तो पांढरा दिसतो. जिथे फट दिसेल तिथे झाकणाच्या खाचेत काळी लोकर किंवा काळ्या मखमलीची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी चिकटवा. घाईच असेल तर रोल भरल्यावर सांध्यावरून काळी इलेक्ट्रिक टेप फिरवली तरी काम होतं.

भिंग आणि बुरशी

भिंगातून आभाळाकडे तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका ठिपक्यापासून फुटलेले पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती वाढते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याखाली क्वचितच येते. ताजी बुरशी पुसून निघते. जुनी झाली की तिचं आम्ल काच कुरतडतं, मग तंतू गेले तरी डाग राहतो. असा हलका डाग असला तरी घाबरू नका. फोटो थोडा मऊ येतो, आणि सूर्य समोर असेल तर धुरकट येतो. सूर्य पाठीशी ठेवला तर फरक फारसा कळत नाही.

साफ करताना आधी रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. किनाऱ्यावर फिरलेल्या भिंगावर मिठाचे बारीक खडे असतात. कोरड्या फडक्याने पुसलंत तर तेच खडे काचेवर घासले जातात. कापूस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओला करून पिळा, भिंगावर काही सेकंद नुसता टेकवून ठेवा. मीठ विरघळलं की मध्यापासून कडेकडे गोल फिरवत उचला. दर खेपेला नवा कापूस.

बुरशीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तितकंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ३ टक्के होतं. कापूस त्यात बुडवून पिळा, भिंगावर एक-दोन मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याच्या कापसाने दोनदा पुसा. भिंग काढावंच लागलं तर काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. अशा कॅमेऱ्यातलं एकेरी भिंग एका बाजूने खोलगट असतं, उलटं बसलं तर सगळे फोटो अस्पष्ट येतात आणि कारण लक्षात यायला अख्खा रोल जातो. भिंग काचेचं आहे की प्लास्टिकचं याची खात्री नसेल तर ते प्लास्टिकचं आहे असं धरूनच चाला: पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, एवढंच.

उजेडाचा हिशेब

बहुतेक रोल इथे वाया जातात. या कॅमेऱ्यांना शटरचा एकच वेग, साधारण १/३० ते १/५०, आणि भिंगाची दोन तोंडं: उन्हाच्या खुणेवर सुमारे एफ/११, ढगाच्या खुणेवर सुमारे एफ/९ (एफचा आकडा लहान, तितकं तोंड मोठं). ते बनले तेव्हाच्या नेहमीच्या फिल्म आजच्या मानाने संथ होत्या. आज दुकानात सहज मिळते ती आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चपळ याचं माप), आणि ती कोकणच्या उन्हात या कॅमेऱ्याला झेपत नाही.

स्वच्छ उन्हात आयएसओ १०० च्या फिल्मला एफ/१६ आणि १/१०० सेकंद पुरतात, हा जुना आणि भरवशाचा नियम. आपला कॅमेरा एफ/११ वर, म्हणजे दुप्पट उजेड. वेग १/५०, म्हणजे आणखी दुप्पट. एकूण चौपट झाला. तारकर्लीसारख्या पांढऱ्या पुळणीवर भर दुपारी वाळू आणि पाणी दोन्ही उजेड परत फेकतात, तिथे तो आठपट होतो. आयएसओ १०० ची काळी-पांढरी निगेटिव्ह फिल्म चौपट सहज सोसते आणि आठपटही बऱ्यापैकी सोसते. निगेटिव्ह दाट येते, पण फोटो मिळतो. तिथेच ४०० ची फिल्म घातली तर हिशेब बत्तीसपटीवर जातो, आणि वाळू, आभाळ, माणसांचे पांढरे कपडे सगळं एकाच सपाट रंगात बुडतं.

म्हणून ऑक्टोबर ते मे या उघड्या दिवसांत आयएसओ १०० च्या आसपासची फिल्म घ्या: केंटमीर १००, फोमापॅन १००, इलफर्डची एफपी४ प्लस (ती १२५ ची आहे). सबंध रोल पुळणीवरच काढायचा असेल तर इलफर्ड पॅन एफ प्लस, ती ५० ची. भिंगासमोर पिवळा फिल्टर किंवा पिवळ्या जिलेटिनचा तुकडा चिकटवला तर उजेड निम्म्यावर येतो, शिवाय निळं आभाळ थोडं गडद होऊन ढग वेगळे उठतात आणि जांभ्याचा चिरा जरा उजळतो. जांभ्याच्या भिंती, कौलं आणि आभाळ एकाच चौकटीत असतील तर पिवळा फिल्टर हवाच.

पावसाळ्यात गणित उलटतं. मळभ दाटलं की १०० ची फिल्म ढगाच्या खुणेवर नेमकी बसते. काळोखून आलेल्या आषाढातल्या दुपारी, पडवीतल्या उजेडात किंवा माडांच्या दाट बागेत मात्र ४०० ची हवी, तिथे इलफर्ड एचपी५ प्लस योग्य. रंगीत हवी असेल तर कोडॅक गोल्ड २०० ही १२० मध्ये मिळते आणि जास्तीचा उजेड चांगला सोसते. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र येतं ती) या कॅमेऱ्यात घालू नका, तिला एवढी चूक चालत नाही.

कॅमेऱ्यात सेटिंग नाही म्हणून वेळ हेच सेटिंग. उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ऊन तिरकं आणि निम्मं-पाऊण असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव संध्याकाळकडे भरतो, ती वेळ या कॅमेऱ्याला अगदी सोयीची.

रोल भरणे

आधी सराव करा. मुदत संपलेला एखादा रोल, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा जुना ‘इंदू’ मिळाला तरी चालेल, सरावापुरता खर्च करा आणि उजेडातच चार-पाच वेळा भरून काढा. बोटांना सवय झाली की खरा रोल घ्या.

भरण्याची जागा सावलीची हवी, आणि वाळूपासून लांब. पुळणीवरून उठून गाडीत किंवा एखाद्या पडवीत जा. तेही शक्य नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत भरा. मागच्या रोलनंतर रिकामं झालेलं स्पूल कळीच्या बाजूला हलवा, कळीचा दात त्याच्या खाचेत नीट बसला पाहिजे. नवा रोल दुसऱ्या बाजूला. कागदी पट्टी काढताना रोल अंगठ्याखाली दाबून धरा, सैल सोडू नका. कागदाची काळी बाजू भिंगाकडे आणि आकड्यांची बाजू बाहेर, म्हणजे लाल खिडकीकडे. हे उलटं झालं तर बाराही फोटो कागदावर पडतात, फिल्मवर एकही नाही.

कागदाचं टोक समोरच्या स्पूलच्या फटीत सरळ घाला. तिरपं गेलं तर कागद एका कडेला चढत जातो, कडा चुरगळते आणि सहाव्या-सातव्या फोटोला कळ जड होते. दोन फेरे द्या, कागद दोन्ही कडांच्या मधोमध आहे ना ते पाहा, झाकण लावा, कुलूप बसल्याची खात्री करा. मग लाल खिडकीत बघत कळ हळू फिरवा. आधी बाण किंवा खुणा येतात, मग ठिपके, मग १. आकडा बरोबर मध्यावर आला की थांबा.

लाल खिडकी जुन्या फिल्मसाठी होती, तिला लाल उजेड दिसत नसे. आजच्या फिल्मला दिसतो. कागद तिचं रक्षण करतो, पण किनाऱ्यावरच्या कडक उन्हात आकड्याभोवती फिकट ठिपका उमटू शकतो. खिडकीवर काळ्या टेपचा एक तुकडा झाकणासारखा लावून ठेवा आणि रोल फिरवताना सावलीत तेवढाच उचला.

बारावा फोटो झाला की कागद संपेपर्यंत फिरवा, सावलीत उघडा, रोल घट्ट धरून टोक दुमडा आणि डिंकाची पट्टी ओली करून बांधा. गुंडाळलेला रोल स्पूलपेक्षा फुगीर दिसत असेल तर कडांतून उजेड शिरतो. हे या कॅमेऱ्यांचं जुनं दुखणं, कारण नव्या रोलच्या बाजूची स्प्रिंगपट्टी ढिली झालेली असते. पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा दुमडून त्या पट्टीखाली सरकवला की रोल ताणून गुंडाळला जातो.

फोटो काढताना

फोकस फिरवायचा नाही. साधारण दहा फुटांपलीकडचं सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे माणसाचा फोटो दहा-बारा फुटांवरून काढा, म्हणजे मोठी चार पावलं. त्याहून जवळ गेलात तर चेहरा अस्पष्ट आणि मागचा माड मात्र ठसठशीत येतो. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर असल्याने जवळच्या फोटोत डोकं कापलं जातं, वर थोडी जागा सोडा.

हात हलणं हे १/३० वेगाचं मोठं नुकसान. कोपर बरगड्यांना टेकवा, पाठ माडाच्या खोडाला किंवा गडग्याला लावा, अर्धा श्वास सोडून थांबा आणि खटका झटक्याने न दाबता हळू दाबत न्या. फेरीबोटीवर, उदाहरणार्थ दाभोळ ते धोपावे, कठड्याला कोपर टेकवू नका. इंजिनाची थरथर कठड्यातूनच हातात येते. गुडघे सैल सोडून मोकळं उभं राहिलात तर अंगच ती थरथर गिळतं.

फोटो काढला की लगेच रोल पुढच्या आकड्यावर न्या आणि हीच सवय कायम ठेवा. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दोनदा खटका दाबू न देणारी सोय नसते, आणि काढला की नाही असा गोंधळ झाला की एकावर एक दोन फोटो पडतात.

मीठ, पाऊस आणि कपाट

किनाऱ्यावरून घरी आल्यावर, त्याच दिवशी, मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि कॅमेऱ्याचं बाहेरचं अंग, कळ, खटका पुसा. मग कोरड्या फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. हे दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून मिठाचा थर असलेला पत्रा कपाटात ठेवूनही ओलाच असतो आणि गंजतो.

कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडला तर तो वाळवू नका, आधी धुवा. आत बॅटरी नाही, सर्किट नाही, त्यामुळे गोड्या पाण्याची भीती नाही. लगेच गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दोनदा पाणी बदला, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, मग झटका, उघडा, पंख्याखाली ठेवा आणि अधूनमधून खटका दाबत राहा. खारं पाणी आत वाळलं तर स्प्रिंग काही दिवसांत तांबूस होऊन तुटते. आतला रोल बहुधा गेलेलाच असतो.

चामड्याची केस वेगळी ठेवा. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊ घालतं, मग ती तिथून भिंगावर जाते. आतला जुना स्पंज चिकट होऊन भुगा पडत असेल तर खरवडून काढून टाका. कॅमेरा ठेवायला रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. पाच लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. रंग बदलणारी केशरी जेल घ्या, ओल पिऊन ती हिरवी झाली की ओटीजीमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा आणि बंद बरणीत थंड करून परत डब्यात टाका. पावसाळ्यात हे बहुधा दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० टक्के दाखवला की पुरे. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि भिंगाला चिकटते. तांदूळही नको, त्याची भुकटी शटरमध्ये जाते. स्प्रिंग ताणलेली ठेवायची नाही, आणि दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून वीसेक वेळा खटका दाबायचा.

न वापरलेले रोल हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर पिशवी न उघडता तासभर बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेत फिल्मवर दव धरतं. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर पडताना कॅमेऱ्यालाही हाच नियम. काढून झालेला रोल आपल्या हवेत महिनोन्महिने ठेवू नका. कागद ओला होऊन फिल्मला चिकटतो आणि कागदावरचे आकडे आणि ठिपके आभाळात उमटतात. दोन आठवड्यांच्या आत तो मुंबई-पुण्याच्या लॅबला पाठवा किंवा घरी धुवा.

घरी धुणाऱ्यांसाठी आपल्याकडची अडचण पाण्याच्या तापमानाची. एचपी५ प्लसला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं द्रावण) १+१ प्रमाणात, म्हणजे जितकं द्रावण तितकंच पाणी घालून, २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. नळाचं पाणी मे महिन्यात ३० अंशांवर असतं. बर्फाच्या पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून सगळी द्रावणं २४ अंशांवर आणा आणि वेळ सुमारे ९ मिनिटं धरा. डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, फिल्मचा मऊ थर सुरकुततो. विहीर किनाऱ्याजवळची असेल आणि पाणी मचूळ लागत असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनेच करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. पावसात फिल्म वाळायला सहा-सात तास लागू शकतात. न्हाणीघर धुऊन धूळ खाली बसू द्या, दार बंद करा आणि दिवा लावू नका. पावसाळ्यातल्या रात्री दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे ओल्या फिल्मला चिकटले की निघत नाहीत.